"वायफाय आत असा, मगे हीं शिंगां कित्याक?"

आंब्याचा हंगाम आटपत आला होता. देवगडकडचे एक बागायतदार काका कणकवलीतल्या माझ्या दुकानात आले, हातात संगणकाचं कोटेशन घेऊन. मांगरात, म्हणजे घरापासून सुट्या कोठारात, पॅकिंगची खोली आहे, तिथे संगणक हवा होता. पेट्यांचा हिशेब, पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, लेबलं छापणं, एवढंच काम. कोटेशनवर एक ओळ होती, 'मदरबोर्ड, इनबिल्ट वायफायसह', आणि त्या ओळीपोटी दोन हजार रुपये जास्त लावलेले. मदरबोर्ड म्हणजे संगणकाचे सगळे भाग जिला जोडलेले असतात ती मुख्य पाटी. माझ्या टेबलावर तसाच एक बोर्ड उघडा पडला होता. त्याच्या मागच्या बाजूने निघालेल्या दोन काळ्या अँटेना काकांनी बोटाने हलवून पाहिल्या आणि विचारलं, "झिला, वायफाय आतच असा म्हणतत, मगे हीं शिंगां कित्याक?"

इतका नेमका प्रश्न माझ्या कानावर क्वचितच आला असेल. वायफाय संगणकाच्या चिपसेटमध्येच बसवावं का, यावर चिप बनवणाऱ्यांमध्ये वीस वर्षांहून जास्त काळ जो खल चाललाय, तो सगळा काकांच्या या वाक्यात आहे. त्या दिवशी चहा येईपर्यंत मी जमेल तेवढं सांगितलं. इथे सविस्तर लिहितो, कारण जूनमध्ये शाळा आणि ग्रामपंचायतींची खरेदी सुरू झाली की हाच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो.

आधी चिपसेट म्हणजे काय ते पाहू. प्रोसेसर हा संगणकातला मुख्य काम करणारा. पण कीबोर्ड, हार्ड डिस्क, यूएसबी, आवाज, नेटवर्कची केबल या सगळ्यांचं येणंजाणं तो एकटा बघत नाही. एसटी स्टँडवर कंट्रोलर असतो ना, कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागणार, कुणी आधी सुटायचं, हे ठरवणारा? चिपसेट म्हणजे तो कंट्रोलर. पूर्वी त्याच्या दोन चिपा असत. मेमरी सांभाळणारी चिप पुढे प्रोसेसरमध्येच गेली आणि आता बहुतेक बोर्डांवर एकच चिप उरली आहे.

या कंट्रोलरच्या पदरात एकेक काम पडत गेलं. नव्वदच्या दशकात आवाजासाठी वेगळं साउंड कार्ड घालावं लागे, नेटवर्कसाठी वेगळं लॅन कार्ड. यूएसबी 1996 च्या सुमाराला चिपसेटमध्ये आलं, पाठोपाठ आवाज आला, आणि 2000 साली चिप बनवणाऱ्या इंटेल कंपनीच्या आयसीएच2 या चिपमध्ये लॅनही आलं. आज लॅन कार्ड वेगळं विकत घेणारं गिऱ्हाईक माझ्याकडे वर्षाकाठी एखादं येतं. मग वायफायचंही तसंच का होऊ नये? कार्ड वाचेल, पैसे वाचतील, बोर्डावरची जागा वाचेल, बॅटरीही थोडी जास्त पुरेल. हा युक्तिवाद चुकीचा नाही. अर्धा बरोबर आहे, आणि कुठला अर्धा ते महत्त्वाचं.

वायफायच्या कार्डात दोन अगदी वेगळ्या स्वभावाची माणसं एकत्र नांदत असतात. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी मासळीचा लिलाव पाहिला असेल तर लगेच ध्यानात येईल. एक जण बोली पुकारतो. दुसरा वही घेऊन बसतो: कुणाची टोपली, कितीला गेली, पैसे आले की बाकी. वही धरणाऱ्याला कोपरा पुरतो. त्याचं अक्षर बारीक झालं तर तेवढ्याच पानात दुप्पट हिशेब मावतो. पुकारणाऱ्याचं तसं नाही. त्याला छाती लागते, मोकळी जागा लागते. त्याला अर्ध्या आकाराचा करून कोपऱ्यात बसवला तर त्याचा आवाज लिलावाच्या टोकापर्यंत पोचणार नाही.

वायफायमधला वहीवाला म्हणजे डिजिटल भाग. माहितीची पाकिटं बांधणं, ती कुणासाठी आहेत ते लिहिणं, कुलूपबंद करणं, पोचली नाही तर पुन्हा पाठवणं हे सगळं तो करतो. शून्य आणि एकचाच हिशेब असल्यामुळे चिप बनवण्याचं तंत्र जसजसं बारीक होत गेलं तसतसा हा भागही लहान आणि स्वस्त होत गेला. पुकारणारा म्हणजे रेडिओ. तो त्या शून्य-एकच्या लहरी करून हवेत सोडतो आणि हवेतून आलेल्या लहरी ऐकतो. हे काम अॅनालॉग आहे. अँटेनापर्यंत ताकद पोचवणारा अॅम्प्लिफायर, नको त्या लहरी गाळणारे फिल्टर, तारेची वेटोळी या वस्तू ट्रान्झिस्टर बारीक झाले म्हणून त्या प्रमाणात लहान होत नाहीत. अनेकदा त्या सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडसारख्या वेगळ्याच पदार्थावर बनवलेल्या असतात. चिपसेटच्या महागड्या सिलिकॉनवर त्यांना जागा द्यायची म्हणजे बाजारपेठेतला गाळा भाड्याने घेऊन त्यात पेंढा साठवायचा.

त्यात गोंगाटाची भर. घरातला राउटर साधारण एक दशांश वॅटची लहर सोडतो. दोन भिंती ओलांडून ती संगणकापर्यंत येते तेव्हा एका वॅटच्या एक अब्जांश भागाइतकी, किंवा त्याहूनही कमी उरते. एवढं क्षीण कुजबुजणं रेडिओला ऐकायचं असतं. आणि चिपसेट हा संगणकातला गजबजलेला तिठा. सेकंदाला अब्जावधी वेळा तिथे सिग्नल उघडतात-मिटतात. याचा घरच्या घरी अनुभव घ्यायचा असेल तर बिनतारी माउसच्या छोट्या रिसीव्हरच्या अगदी बाजूला यूएसबी 3 ची बाहेरची हार्ड डिस्क लावून फाइली कॉपी करून पाहा. माउस अडखळायला लागण्याची बरीच शक्यता आहे. यूएसबी 3 चा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो, म्हणजे वायफाय आणि असे माउस ज्या लहरींवर बोलतात त्यांच्यातच, आणि इंटेलने स्वतः 2012 मध्ये यावर तांत्रिक टिपण काढलं होतं.

आता काकांची शिंगं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटिमीटर असते. अँटेना नीट चालायला साधारण तिच्या पाव भागाएवढी लागते, म्हणजे तीन सेंटिमीटर. नखाएवढ्या चिपेत ती मावत नाही. आणि कशीबशी मावली असती, तरी डेस्कटॉपचा डबा पत्र्याचा. पत्र्याच्या डब्यातून लहर बाहेर पडणं कठीण. म्हणून वायफाय कितीही 'आत' गेलं तरी अँटेना बाहेर येणारच. लॅपटॉपमध्येही ती असते, फक्त पडद्याच्या चौकटीत लपलेली, आणि तिथून दोन बारीक वायरी बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात. 'इनबिल्ट' या शब्दाने रेंज वाढत नाही, हे काकांना मी पहिल्यांदा सांगितलं.

कुणी म्हणेल, मोबाइलमध्ये कसं सगळं मावतं? अनेक मोबाइलमध्येही हीच वाटणी असते. वहीवाला मुख्य चिपेत, आणि रेडिओ शेजारच्या वेगळ्या चिपेत. खरोखर सगळं एका चिपेत घातलेलं पाहायचं असेल तर चिनी कंपनी एस्प्रेसिफची 2014 सालची ईएसपी8266 घ्या. वायफायवर चालणारे बल्ब आणि प्लग यांत अशाच चिपा असतात. स्वस्त आणि गुणी वस्तू आहे. पण ती फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर बोलते, आणि बल्ब चालू-बंद करायला तेवढंच लागतं. संगणकाची भूक वेगळी.

इतिहासात एक पाऊल मागे जाऊ, कारण तिथेच खरा धडा आहे. मार्च 2003 मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं. तेव्हाच्या जाहिरातींमुळे पुष्कळांना वाटलं की वायफाय प्रोसेसरमध्येच आलं. तसं नव्हतं. प्रोसेसर, चिपसेट आणि वायफाय कार्ड अशा तीन वेगळ्या वस्तू होत्या, आणि तिन्ही इंटेलच्या घेतल्या तरच लॅपटॉपवर सेंट्रिनोचा शिक्का लावता येई. कार्ड दुसऱ्या कंपनीचं घातलं तर लॅपटॉप तितकाच चांगला चाले, पण शिक्का मिळत नसे. लॅपटॉपला वायफाय हवंच, ही सवय लोकांना लागली ती मोठ्या प्रमाणात सेंट्रिनोमुळे, हे श्रेय द्यायलाच हवं. पुढच्याच वर्षी, 2004 मध्ये, इंटेलने डेस्कटॉपच्या 915 चिपसेटसोबत एक बेत जाहीर केला. चिपसेटच्या एका खास आवृत्तीमुळे घरातला डेस्कटॉपच वायफायचा राउटर बनणार होता. तो बेत मागे घेतला गेला.

मला विचाराल तर ते बरंच झालं. त्या काळात वायफाय किती झपाट्याने बदलत होतं पाहा. 1997 चं पहिलं मानक सेकंदाला 2 मेगाबिटचं. 1999 मध्ये 11, 2003 मध्ये 54, आणि 2009 च्या मानकात कागदावर 600 पर्यंत. त्या वर्षांत चिपसेटमध्ये कायमचं कोरलेलं वायफाय म्हणजे पोराला पहिलीत शिवलेला गणवेश दहावीपर्यंत घालायला लावणं.

वेगाचं एक वेळ सोडा. कुलपाचं काय? हवेतली माहिती परक्याला वाचता येऊ नये म्हणून सुरुवातीच्या वायफायमध्ये डब्ल्यूईपी नावाचं कुलूप होतं. 2001 मध्ये तज्ज्ञांनी त्यातली त्रुटी दाखवून दिली आणि ते उघडणं सोपं झालं. नवं भक्कम कुलूप बसवायचं तर त्यासाठी लागणारं गणित जुन्या कार्डांना झेपणारं नव्हतं. त्यांच्या चिपेत जुनंच गणित कोरलेलं होतं. म्हणून 2003 मध्ये आलेल्या डब्ल्यूपीएमध्ये टीकेआयपी नावाची एक मधली सोय करावी लागली: जुन्या हार्डवेअरवर जुनंच गणित, पण सॉफ्टवेअर बदलून थोडं सुरक्षित केलेलं. खरं कुलूप 2004 मध्ये डब्ल्यूपीए2 सोबत सर्वांसाठी आलं, आणि त्यासाठी अनेकांना कार्ड बदलावं लागलं. कार्ड बदलता आलं म्हणून बदललं. ते चिपसेटमध्ये असतं तर अख्खा बोर्ड काढावा लागला असता, किंवा बहुतेकांनी केलं असतं तसं, मोडकं कुलूप लावून पुढची दहा वर्षं काढली असती.

मधला मार्ग निघाला 2017-18 मध्ये. इंटेलने सीएनव्हीआय नावाची रचना आणली. आधी छोट्या प्रोसेसरांत आणि मग एप्रिल 2018 मध्ये आलेल्या एच370, बी360, एच310 या चिपसेटांत. लिलावातला वहीवाला चिपसेटमध्ये बसला आणि पुकारणारा एका छोट्या कार्डावर बाहेर राहिला. लॅनच्या बाबतीत 2000 साली केलेली वाटणी हीच होती, हिशेब आत आणि तारेशी बोलणारा भाग बाहेर. अभियांत्रिकी म्हणून ही वाटणी मला पटते. जे लहान होतं ते आत, जे होत नाही ते बाहेर.

न पटणारी गोष्ट पुढे आहे. हे अर्धं कार्ड ज्या खाचेत बसतं ती एम.2 खाच दिसायला पूर्ण कार्डाच्या, म्हणजे वहीवाला आणि पुकारणारा दोघेही असलेल्या कार्डाच्या, खाचेसारखीच. पण अर्धं कार्ड चालतं ते फक्त इंटेलच्या जुळणाऱ्या चिपसेटवर. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी, तिच्या प्रोसेसरच्या बोर्डात बसतं, पण चालत नाही. इंटेलच्याच जुन्या बोर्डातही चालत नाही. इंटेलचं एएक्स 210 हे पूर्ण कार्ड, एएक्स 211 हे अर्धं. एएक्स 200 पूर्ण, एएक्स 201 अर्धं. शेवटचा आकडा शून्य की एक, एवढाच फरक, आणि ऑनलाइन मागवताना बघणाऱ्याच्या डोळ्यांतून तो सहज सुटतो. कुरिअर येण्यात आठवडा, परत पाठवण्यात दुसरा आठवडा. मुंबईत बसून ही अडचण लहान वाटेल. आचऱ्याच्या किंवा विजयदुर्गच्या माणसाला ती लहान नाही.

दुसरी गोम कोटेशनमध्ये असते. चिपसेटमध्ये वहीवाला आहे म्हणून बोर्डावर 'वायफाय रेडी' किंवा तसं काही छापलेलं असतं, पण पुकारणाऱ्याचं कार्ड आणि अँटेना सोबत असतीलच असं नाही. अशा बोर्डात रिकामी खाच असते आणि वायफाय नसतं. एका शाळेत मी अशा संगणकांची अख्खी खोली पाहिली आहे. बाईंनी मुलांना रांगेत बसवलं होतं आणि एकाही यंत्राला जवळचा राउटर दिसत नव्हता. दोष बाईंचा नव्हता, त्यांनी कागदावरचा शब्द खरा मानला होता.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ, कारण इथे या प्रश्नाला वेगळं वजन येतं.

आपली घरं जांभ्याची. चिरा सच्छिद्र, पाणी पिणारा. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि आषाढात गिलावा नसलेली भिंत आतून हात लावला तरी ओलसर लागते. पाणी वायफायच्या लहरी शोषतं. मायक्रोवेव्ह ओव्हन याच सुमाराच्या लहरींनी अन्नातलं पाणी तापवतो. म्हणून पावसाळ्यात अनेक जण तक्रार करतात की उन्हाळ्यात माजघरातून पडवीत येणारी रेंज आता येत नाही. त्यांना वाटतं पावसाच्या धारांमुळे. एवढ्याशा अंतरात धारांचा परिणाम नगण्य असतो. लहर अडते ती भिजलेल्या चिऱ्यात आणि खिडकीबाहेरच्या ओल्या पानांत. वायफायची दुसरी, 5 गिगाहर्ट्झची लहर अशा भिंतीत आणखी लवकर दमते. यावर चिपसेट काही करू शकत नाही. उपाय एवढाच की राउटर दोन भिंतींच्या मधल्या दाराच्या रेषेत ठेवायचा आणि संगणकाची अँटेना लांब वायरीने टेबलावर आणायची. अँटेना सुटी असेल तरच हे जमतं.

दुसरं, खारी हवा. समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरांवरच्या घरातलं लॅपटॉपचं कार्ड काढलं की त्याच्या धातूच्या टोकांवर हिरवट कळंक चढलेला दिसतो. अँटेनाची वायर जिथे कार्डावर टिचकी मारून बसते तो जोड तांदळाच्या दाण्याहून लहान. त्याला कळंक चढला की वायफाय आधी मंदावतं, मग तुटक होतं, मग जातं. मी कार्ड काढतो, टोकं खोडरबराने हलक्या हाताने पुसतो, नाहीच जमलं तर हजार-दीड हजाराचं नवं कार्ड घालतो. अर्ध्या तासाचं काम. पण गेल्या काही वर्षांत पातळ लॅपटॉपांमध्ये कार्ड बोर्डाला झाळूनच टाकलेलं येतं. कॉलेजात जाणारी एक मुलगी तसा लॅपटॉप घेऊन आली होती. बाकी यंत्र ठणठणीत, फक्त वायफाय मेलेलं. तिला मी यूएसबीचं छोटं डोंगल दिलं. काम भागलं, पण दोनपैकी एक यूएसबी कायमची अडली आणि पिशवीत घालताना ते डोंगल दोनदा वाकलं. डोंगल आहे ना, मग कार्ड झाळलं तर काय बिघडलं, असं म्हणणाऱ्यांना मला तो लॅपटॉप दाखवावासा वाटतो. डेस्कटॉपच्या मागे डोंगल ठीक आहे. रोज एसटीने ये-जा करणाऱ्या लॅपटॉपला ते नाही.

तिसरी गोष्ट वायफायच्या बाजूची आहे, तीही सांगायला हवी. वीज. मे अखेरच्या वळवात आणि परतीच्या पावसात आपल्याकडे जो कडकडाट होतो, त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या टेबलावर लॅन पोर्ट जळलेले बोर्ड येतात. घरातून मांगरापर्यंत उघड्यावरून पन्नास मीटर केबल ओढलेली असते आणि जवळ वीज पडली की त्या तांब्यात झटका येतो. लॅनच्या मानकात दीड हजार व्होल्टपर्यंतचा झटका अडवण्याची तरतूद आहे. विजेपुढे दीड हजार व्होल्ट काहीच नाही. आणि ज्या बोर्डांत लॅनचा वहीवाला चिपसेटमध्ये असतो, तिथे कधी कधी पोर्टपाठोपाठ चिपसेट आणि चिपसेटपाठोपाठ अख्खा बोर्ड जातो. आत घेतलेल्या वस्तूचा हा तोटा आपण लॅनच्या निमित्ताने आधीच सोसतो आहोत. वायफायला तांबं नाही, त्यामुळे त्या वाटेने झटका येत नाही. म्हणून मांगरासाठी काकांना वायफायच घ्या असं मी सांगितलं, केबल नको.

एक गैरसमज जाता जाता. वायफाय म्हणजे इंटरनेट नव्हे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं, तेव्हा अनेक गावांत दिवसचे दिवस वीज आणि नेट नव्हतं. त्याच वर्षी मुलं रेंजसाठी डोंगरावर जाऊन शाळेचे तास ऐकत होती. तिथे अडलं होतं ते गावापर्यंत येणारं नेट. संगणकात कितीही चांगलं वायफाय बसवा, ते नेट आणून देत नाही. ते घरापर्यंत आलेलं नेट फक्त खोल्याखोल्यांत वाटतं.

तर चिपसेटमध्ये वायफाय असावं का? वहीवाला असू द्यावा. त्याने प्रत्येक साध्या, स्वस्त संगणकाला वायफायची पायरी सोपी होते, आणि शाळेच्या बजेटमध्ये तो फरक दिसतो. पण पुकारणारा सुट्या कार्डावरच हवा, झाळलेला नको, आणि त्याची खाच अशी हवी की कुठल्याही कंपनीचं पूर्ण कार्ड तिथे चालेल. अर्धं कार्ड एकाच कंपनीच्या चिपसेटला बांधून ठेवणं मला मान्य नाही. ज्या बोर्डांच्या खाचेत अर्धं आणि पूर्ण दोन्ही चालतात असे बोर्ड मिळतात. ते विचारून घ्यावेत. वायफायचं मानक दर चार-सहा वर्षांनी बदलतं आणि शाळेतला संगणक दहा वर्षं चालतो. त्या दहा वर्षांत रेडिओ एकदा तरी बदलावा लागणार, मानकासाठी नाही तर मिठासाठी.

काकांचं कोटेशन आम्ही दोघांनी बसून बदललं. इनबिल्टची ओळ खोडली. तिच्या जागी 'एम.2 वायफाय कार्ड, पूर्ण प्रकारचं, सुटं, दोन अँटेना एक मीटर वायरीसह' असं लिहिलं. किंमत आठशे रुपयांनी कमी झाली. अँटेना मांगराच्या कुठल्या बाजूला लावायची ते काकांनीच ठरवलं. घराकडच्या खिडकीला चिरा नाही, लाकडी गज आहेत, तिथे.